काकूंचा पोटमाळा आणि शुक्रवारची मुदत

मी इंग्लंडमधील लेस्टर शहरात घरांच्या ऊर्जावापराचे मूल्यांकन करतो. घराची मापे घेणे, भिंती, खिडक्या, बॉयलर आणि छप्पर तपासणे आणि शेवटी ए ते जी यांपैकी एक श्रेणी नोंदवून दाखला तयार करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. 2024 च्या जानेवारीत मात्र मला दाखल्यासाठी नव्हे, तर सल्ल्यासाठी बोलावणे आले. परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, आमच्या परिचयातील एका काकूंना एका कंपनीचे पत्र आले होते. पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर घालून मिळेल, बराचसा खर्च योजनेतून भागेल, काकूंचा वाटा फक्त 360 पौंड असेल आणि होकार शुक्रवारपर्यंत कळवावा, असा त्याचा मजकूर होता. "सरकार देतंय तर घेऊन टाकू का रे? कंपनीचा तो मुलगा म्हणाला, पुन्हा अशी संधी येणार नाही," असे त्यांनी फोनवर विचारले. मी दुसऱ्या दिवशी शिडी आणि विजेरी घेऊन त्यांच्याकडे गेलो.

या योजनांचा पैसा तेव्हा थेट सरकारी तिजोरीतून येत नव्हता. 2013 पासून मोठ्या वीज आणि गॅस पुरवठादारांवर अशी कामे करवून घेण्याचे बंधन घातलेले होते आणि तो खर्च पुढे सर्व ग्राहकांच्या बिलांतून वसूल होत होता. म्हणजे काकूंनी त्यातला आपला वाटा आधीच भरलेला होता. हे ऐकून त्या थोड्या चिडल्या आणि मग "तर मग घ्यायलाच हवं," असे म्हणाल्या. मी म्हटले, "काकू, आधी वर बघू या."

घर 1930 च्या दशकातील, एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेले होते. पोटमाळ्यावर दोन जुन्या ट्रंका, पितळी पातेली आणि गणपतीच्या मखरांचे तुकडे भरलेली सात-आठ खोकी होती. काकूंनी एकाही वर्षाचे मखर टाकलेले नव्हते. त्यांतील थर्माकोल पाहून मला हसू आले, कारण योजनेची वाट न पाहता त्या माळ्याचा एक कोपरा काकूंनी नकळत उबदार करून ठेवला होता. खोकी सरकवल्यावर तुळयांच्या मधोमध पिवळट काचलोकर, म्हणजे उष्णता अडवणारी काचेच्या तंतूंची लोकर, दिसली. पट्टी लावली तेव्हा थर सुमारे 100 मिलिमीटर भरला. आज येथे 270 मिलिमीटरची शिफारस केली जाते. 100 मिलिमीटर तुळयांच्या मध्ये आणि उरलेला 170 तुळयांवर आडवा.

खाली येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी काकूंसमोर हिशोब मांडला. छताचे क्षेत्रफळ 45 चौरस मीटर होते. छतावर कोणताही थर नसता, तर दर चौरस मीटरमागे, आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकाला, सुमारे 2.3 वॅट उष्णता निसटली असती. 100 मिलिमीटरच्या थराने तो आकडा 0.4 च्या आसपास येतो आणि 270 मिलिमीटरने 0.16 वर. म्हणजे एकूण बचतीच्या दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पहिल्या थरानेच पदरात पडलेले होते. येथील हिवाळा, बॉयलरची कार्यक्षमता आणि युनिटमागे 7 पेन्स असा गॅसचा दर धरला, तर थर नसलेल्या घरात नवा थर घालून वर्षाला सुमारे 400 पौंड वाचले असते. काकूंच्या घरात वाचणार होते 45. म्हणजे 360 पौंड वसूल व्हायला आठ वर्षे लागणार होती. उबदार राहण्याच्या दृष्टीने तेही वाईट नव्हते, आणि केवळ या हिशोबावर मी कदाचित होकार द्यायला सांगितले असते.

पण विजेरीच्या उजेडात मला आणखी काही दिसले होते. उत्तरेकडील वाशांवर काळे डाग होते आणि कौलांखालून बाहेर आलेल्या खिळ्यांच्या टोकांना पाण्याचे थेंब लोंबत होते. छप्पर गळत नव्हते. न्हाणीघरातील पंख्याची नळी छपराबाहेर न काढता माळ्यावरच उघडी सोडलेली होती आणि रोजच्या अंघोळीची वाफ तेथे ओतली जात होती. खालून जाड थर घातला की घराची ऊब खालीच राहते आणि माळा अधिक थंड होतो. वाफ मात्र तितकीच येत राहते आणि अधिक थंड झालेल्या लाकडावर तिचे पाणी होते. त्यातच वळचणीपाशी कोणीतरी काचलोकर कोंबून हवा यायची वाटही बंद केलेली होती. याशिवाय विजेवर पाणी तापवणाऱ्या शॉवरची केबल जुन्या थराखाली दबलेली होती. साडेनऊ किलोवॅटच्या शॉवरला 40 अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, आणि अशी केबल जाड थरात पुरली की तिची उष्णता बाहेर पडत नाही.

मी काकूंच्या फोनवरूनच कंपनीशी बोललो. पंख्याची नळी बाहेर काढणार का, केबल थरावर घेणार का आणि वळचण मोकळी ठेवणार का, असे विचारले. पलीकडील तरुण नम्र होता. वळचणीचे पाहू, पण पंखा आणि वीज योजनेत येत नाहीत आणि सामान आधी हलवलेले हवे, असे त्याने सांगितले. सत्तरी ओलांडलेल्या बाईने ट्रंका खाली कशा आणायच्या, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. काकूंनी फोन हातात घेतला आणि त्याला स्वच्छ इंग्रजीत सांगितले की शुक्रवारपर्यंत काहीही कळवले जाणार नाही.

सोमवारी कंपनीचाच फोन आला. मुदत महिनाअखेरीपर्यंत वाढली होती. ती पुढेही वाढत गेली. दरम्यान इलेक्ट्रिशियनने केबल वर घेतली आणि पंख्याची नळी छपरातून बाहेर काढली. मी माळ्याच्या झाकणाला रबराची पट्टी लावली, कारण त्या फटीतूनही बरीच ओलसर हवा वर जात होती. लाकूड वाळल्याची खात्री झाल्यावर, मार्चच्या शेवटी, काकूंनी त्याच कंपनीला त्याच दरात काम दिले. कामगारांनी वळचणीत हात शिरेल एवढी जागा मोकळी सोडली आणि पाण्याच्या टाकीखाली थर घातला नाही, कारण खालून येणारी थोडीशी ऊबच ते पाणी गोठू देत नाही.

ट्रंका मी आणि शेजाऱ्याच्या मुलाने उतरवल्या. मखरांची खोकी मात्र काकूंनी पुन्हा वर पाठवू दिली नाहीत. लोकर दाबली गेली की तिचा उपयोग कमी होतो, हे मीच त्यांना सांगितले होते. आता ती जिन्याखालच्या कपाटात आहेत आणि व्हॅक्यूम क्लीनर बैठकीच्या खोलीत, सोफ्यामागे उभा असतो.