माळाच्या मातीचा नमुना द्यायला गेलो, त्याचा अनुभव

“पिकाचं नाव सांगा, त्याशिवाय नमुना जमा होत नाही.” माती परीक्षणाच्या खिडकीवर हे इतक्यांदा ऐकलं की अजून राग जात नाही. आमची माती माणदेशातल्या माळाची. कुसळी, पवन्या, थोडं मारवेल, आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्या. पेरलेलं काहीच नाही. अर्जात ज्वारी, बाजरी, डाळिंब सगळं होतं, गवत नव्हतं. वाद घालून शेवटी ‘चारा पीक’ लिहून घेतलं. अहवाल हातात आला तेव्हा पावसाळा सुरू झालेला, आणि आत शिफारस काय, तर चाऱ्याच्या ज्वारीला युरिया किती द्यायचा!

नमुना घ्यायची रीतही शेताचीच: वरचा काडीकचरा बाजूला सारा, मग व्ही आकाराचा खड्डा घ्या. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत मुरलेला कार्बन, मोजायला ते बरोबर आहे. पण माळाचा जीव त्या काडीकचऱ्यातच असतो. उघड्या मातीवर वळवाचा थेंब आदळला की कण सुटतात, छिद्रं बुजतात, वर पापडी धरते आणि पाणी ओढ्याला जातं. पाचोळा असला तर थेंब त्यावरच फुटतो, खाली ओल टिकते, वाळवी-गांडुळं काड्या मातीत नेतात. मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासून सरकार देतं त्या अहवालात, 12 घटक आहेत. जमीन किती झाकलेली आहे, हे त्यातला एकही विचारत नाही.

म्हणून ते मोजमाप आता मीच करतो. माळ तिरका चालायचा आणि दर दुसऱ्या पावलाला बुटाच्या टोकाशी काय आहे ते लिहायचं: गवताचं बूड, पाचोळा, दगड की उघडी माती. 100 नोंदी झाल्या की टक्केवारी समोर येते. दरवर्षी वळवाआधी, त्याच रेषेवर. आमच्या माळावर उघडी माती कमी होत चालली आहे, आणि ते माझ्या वहीत दिसतं, याचा मला अभिमान आहे.

त्यासाठी मेंढपाळ मामांशी एवढंच ठरवलं: गवत घोट्याखाली जायच्या आत कळप पुढच्या तुकड्यात न्यायचा. उभं वाळलेलं गवत खुरांनी आडवं झालं तरच माती झाकते. कोवळ्या फुटव्यासाठी माळ पेटवायचं मात्र कायमचं बंद करा, एका दुपारीत सगळं पांघरूण जातं.

प्रयोगशाळेत जाणारच असाल तर हिवाळा संपायच्या आत जा, पोचपावती सोडू नका, आणि मेंढ्या बसवलेल्या जागेची माती घेऊ नका. लेंड्यांमुळे आकडे फुगतात.