ग्बाडोलितेची धावपट्टी

धावपट्टीच्या पाहणीचा अहवाल भेगा, उतार आणि पाण्याचा निचरा यांपलीकडे सहसा जात नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या उत्तर टोकाला असलेल्या ग्बाडोलितेसाठी एका मदतसंस्थेकरिता मी असाच अहवाल लिहिला, पण त्यातली मुख्य शिफारस मला अजून पुरती पटलेली नाही.

ग्बाडोलिते हे मोबुतू सेसे सेको यांच्या पूर्वजांचे गाव. १९६५ ते १९९७ या काळात देशावर सत्ता गाजवताना त्यांनी जंगलातल्या या खेड्यात राजवाडे उभारले, उबांगी नदीवरच्या धरणातून वीज आणली आणि भाड्याने घेतलेले काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमान उतरावे म्हणून सुमारे ३२०० मीटरची धावपट्टी बांधली. मे १९९७ मध्ये ते याच धावपट्टीवरून पळाले, तेव्हा त्यांच्याच सैनिकांनी विमानावर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरमध्ये मोरोक्कोत त्यांचे निधन झाले. राजवाडे लुटले गेले. येणारे पाहुणे त्या भग्न भिंतींचेच फोटो काढतात, धावपट्टीकडे कोणी वळूनही बघत नाही.

वास्तविक तिचा पाया उत्तम आहे. कडेला खड्डा घेतला तेव्हा खडीचा थर अजून घट्ट होता. ज्यांनी तो दाबला त्यांना मानले पाहिजे. घात केला तो पाण्याने. गवताच्या मुळांत माती अडकत गेल्याने दोन्ही कडा धावपट्टीपेक्षा चार बोटे वर आल्या होत्या, त्यामुळे पावसाचे पाणी उतारावरून वाहत कडेपर्यंत येई आणि तिथेच तुंबे. एका भेगेत मी पोलादी पट्टी घातली. आदल्या दिवसापासून पाऊस नसतानाही ती ओली बाहेर आली.

मदत घेऊन येणाऱ्या छोट्या विमानांना निम्मी लांबीही पुष्कळ होते. म्हणून १८०० मीटर दुरुस्त करावेत आणि उरलेला भाग वापरातून काढून टाकावा, असे मी सुचवले. वाईट अवस्थेतली धावपट्टी कागदावर लांब दाखवणे वैमानिकाच्या जिवाशी खेळणे आहे, यात मला शंका नाही. पण तिथल्या एका वयस्क कर्मचाऱ्याने दुभाष्यामार्फत विचारले, “साहेब, पावसात रस्ते बंद पडतात. २०१३ पासून शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातले निर्वासित इथे येऊन राहिले आहेत. उद्या धान्याचे मोठे विमान आणायचे ठरले, तर ते तुम्ही कुठे उतरवाल? आमच्याकडे त्या माणसाचे एवढेच तर कामाचे उरले आहे.”

यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर होते आणि मी ते दिले. शिवाय अहवालाला एक पुरवणी जोडली: वापर १८०० मीटरांचाच ठेवावा, पण चर आणि कडा मात्र संपूर्ण लांबीच्या साफ कराव्यात, म्हणजे उरलेला भाग निदान वाचेल. मुख्यालयातल्या ज्या अधिकाऱ्याला सगळे एका पानात हवे असते, त्याने ‘कार्यकक्षेबाहेर’ असा शेरा मारून ती काढून टाकली. तिच्यातला खर्च फक्त स्थानिक मजुरीचा, फावड्यांचा आणि कुदळींचा होता. यंत्र एकही लागणार नव्हते.