काजळ, कथक आणि डोळ्यांतली चुरचुर

उणे साडेसहा नंबर असताना कथक करायचं तर लेन्सला पर्याय नाही. चष्मा लावून चक्कर घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तो नाकावरून उडतोच.

गेल्या हिवाळ्यात मात्र लेन्स घातल्यावर तासा-दोन तासांत डोळे चुरचुरायला लागायचे. संध्याकाळी रियाजाला मधूनच धूसर दिसायचं आणि पापणी मिटून उघडली की परत स्वच्छ. डॉक्टरांनी लेन्स काढायला लावल्या, डोळ्यांत पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बुबुळ पाहिलं आणि मग खालची पापणी बोटाने हलकेच दाबली. पापणीच्या कडेला ओळीने बारीक तेलग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून डोळ्यांतलं पाणी पटकन उडून जात नाही. हे तेल पातळ हवं. माझं थंडीतल्या तुपासारखं थिजलं होतं.

"काजळ आतल्या कडेला घालता का?" त्यांनी विचारलं. आतल्याच कडेला, रोज. या ग्रंथींची तोंडं उघडतात ती नेमकी तिथेच.

आता काजळ पापण्यांच्या केसांच्या बाहेर. रात्री लेन्स काढल्यावर कोमट पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवते. तो फार लवकर गार होतो, सारखा बुडवावा लागतो. ऑफिसात एसीचा झोत तोंडावर येणार नाही अशी खुर्ची फिरवून घेतली. स्क्रीनकडे बघताना पापण्या एरवीपेक्षा बऱ्याच कमी वेळा लवतात, म्हणून मुद्दाम पूर्ण मिटायच्या. ड्रॉप्स लेन्सवर चालणारे, तेही डॉक्टरांना विचारूनच. लाली घालवणारे ड्रॉप्स नकोतच, त्यांनी दुखणं झाकलं जातं.

या सगळ्यापेक्षा मला कळकळीने सांगायचंय ते पाण्याबद्दल. ग्रीनरूममध्ये लेन्स खाली पडली की मुली ती सरळ बेसिनच्या नळाखाली धरतात आणि माझा जीव खालीवर होतो. नळाच्या पाण्यात अकँथमिबा नावाचा अमिबा असू शकतो. तो लेन्सबरोबर डोळ्यांत गेला तर बुबुळावर जखम होते, उपचार कित्येक महिने चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. पिण्याचं पाणीसुद्धा नको. सोल्यूशनची छोटी बाटली जवळ ठेवा, डबीत रोज ताजं घाला, कालच्यात भर टाकू नका. नुसतं सलाइन लेन्स निर्जंतुक करत नाही.

आणि डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कार्यक्रम तोंडावर असला तरी. माझ्या घुंगरांच्या पिशवीत आता चष्मा कायम असतो, मागे बांधायच्या दोरीसकट.

मेकअपचा क्रमही लक्षात ठेवा: हात साबणाने धुऊन, कोरडे करून आधी लेन्स, मग फाउंडेशन. कार्यक्रम संपल्यावरही आधी लेन्स काढायच्या, मगच खोबरेल लावून रंग पुसायला घ्यायचा.