जंत आणले कुणी?

मुलगी सहा वर्षांची. रात्री झोप लागते न लागते तोच रडत उठायची, शूच्या जागी आग होते म्हणायची. लघवीचे रिपोर्ट स्वच्छ, तरी अँटिबायोटिकचे कोर्स पोटात गेलेले. शौचाची तपासणीही झाली होती, 'जंत आढळले नाहीत'. त्यामुळे घरच्यांनी ठरवून टाकलं होतं, पोरगी नाटकं करते.

या एका ओळीच्या रिपोर्टने किती मुलं खोटी ठरली असतील! पिनवर्म या बारीक जंताची मादी सहसा आतड्यात अंडी घालत नाही. मूल झोपलं की ती बाहेर येते आणि गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर हजारो अंडी चिकटवते. मुलींमध्ये कधी ती पुढे सरकते, मग शूच्या जागी जळजळ. शौचाच्या नमुन्यात अंडी सापडतात ती शंभरातल्या पाच-पंधरा जणांत. हे शिकलेले डॉक्टरही 'स्टूल रूटीन', म्हणजे शौचाची नेहमीची तपासणी, लिहून मोकळे होतात, याचा मला खरंच राग येतो.

मी आईला काचपट्ट्या आणि चिकटपट्टी दिली. सकाळी मूल उठल्या उठल्या, शी-आंघोळीच्या आधी, पट्टीची चिकट बाजू त्या जागी दोन-तीनदा दाबायची आणि सुरकुती न पडू देता काचेवर बसवायची. ओळीने तीन सकाळी. पट्टी धुरकट नको, आरपार दिसणारी हवी, नाहीतर अंडी ओळखूच येत नाहीत. हे मी प्रत्येकाला चित्र काढून समजावतो, कारण नमुना नीट आला की निदान मिनिटात होतं. दुसऱ्या काचेवर अंडी होतीच: एका बाजूने चपटी, दुसरीकडे फुगीर, आत दुमडलेली अळी. आईला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "म्हणजे ती खोटं बोलत नव्हती, डॉक्टर."

औषध अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. खाज थांबली की दुसरा डोस लोक हमखास विसरतात. पण गोळीने जंत मरतात, अंडी नाही, आणि ती घरात दोन-तीन आठवडे तग धरतात. मधल्या काळात पोटात गेलेल्यांसाठी तो दुसरा डोस.

आई बिचारी रोज चादरी झटकत होती, फरशी पुसून पुसून हात सोलवटलेले. झटकल्याने अंडी उलट खोलीभर उडतात. चादर हलक्या हाताने गुंडाळायची आणि गरम पाण्यात धुवायची. नखं आखूड, रात्री अंगाबरोबर बसणारी चड्डी, उठल्यावर लगेच आंघोळ, शीनंतर आणि जेवणाआधी साबणाने हात. अंडी चार-सहा तासांत दुसऱ्याला लागण करण्याजोगी होतात, म्हणून सकाळची आंघोळ टाळायची नाही. स्वच्छ घरांतही हे होतं, हेही तिला सांगितलं.

वडील म्हणाले, "मला काही त्रास नाही, मी कशाला घेऊ?" तरी गोळी दिली. सगळे बाहेर पडले आणि ते एकटे परत आत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मलाही रात्री खाज येते. कधीपासूनची आहे. घरी बोललो नाही."

म्हणजे पोरगी 'नाटकं करते' म्हणून ओरडा खात होती, तेव्हा तिला काय होतंय ते घरात एका माणसाला ठाऊक होतं. लाजेने माणूस किती गप्प बसू शकतो! बायकोला तुम्हीच सांगा, एवढंच मी म्हणालो. त्यांनी मला सांगितलेलं मी त्यांच्या बायकोला सांगू शकत नव्हतो, आणि ते अजून बोचतं.

दुसऱ्या डोसनंतर ते सगळे आले. पट्ट्या स्वच्छ, मुलगी रात्रभर झोपते. निघताना आई तिला म्हणाली, "आता परत शाळेतून काही आणू नकोस हं." वडील गप्प. मग मीच सगळ्यांसमोर सांगितलं, की कुणाकडून कुणाला लागण झाली हे आता कुठलीही तपासणी सांगू शकत नाही, आणि या पोरीला ते पुन्हा ऐकवायचं नाही.