कपाटातली राणी

यंदा जूनमध्ये साताऱ्यात पहिला जोराचा पाऊस पडून गेला, त्या रात्री शाहूपुरीतील आमच्या ओसरीवरच्या दिव्याखाली पंखांचे मुंगळे जमले होते आणि त्यांतच पंख गळून गेलेली, पाऊण इंच लांबीची एक राणी भिंतीच्या कडेकडेने घाईने चालली होती. आई म्हणाली, "अगं, मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं समज." नरांच्या बाबतीत हे खरेच आहे, मीलनानंतर ते फार काळ जगत नाहीत. राणी मात्र जमिनीवर उतरल्यावर आपले पंख आपणच मोडून टाकते आणि तिचा संसार तेथून सुरू होतो. युरोपातील लासियस नायगर या काळ्या मुंगीची एक राणी तर माणसाने पाळलेल्या स्थितीत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

अशी राणी पाळायला काचेची परीक्षानळी पुरते. नळीचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरायचा, पाण्याला टेकेल असा कापसाचा बोळा आत सारायचा, राणीला आत सोडून दुसरा बोळा तोंडाशी बसवायचा आणि नळी अंधारात ठेवायची. खायला काहीही द्यायचे नाही. उडण्याचे जे स्नायू आता तिच्या उपयोगाचे नसतात ते आणि अंगातली चरबी जिरवून ती स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांनाही त्यातूनच भरवते.

गेल्या वर्षीची राणी माझ्या उतावळेपणामुळे गेली. दिवसातून चार-चार वेळा नळी उजेडात धरून मी अंडी मोजत असे. धक्क्यांनी बिथरलेल्या राणीने ती सगळी खाऊन टाकली आणि पुढे तिने अंडी घातलीच नाहीत. त्याची रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणून या वेळी नळी आईच्या जुन्या पातळांच्या घडीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि फक्त रविवारी, बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद लावून पाहिली, कारण मुंग्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही.

तिसऱ्या रविवारी अळ्या दिसल्या, पाचव्या रविवारी कोष. मुंगळ्याचा कोष फिकट बदामी रंगाचा असून त्याच्या एका टोकाला काळा ठिपका असतो. अळीने कोषात जाताना टाकलेली ती विष्ठा असते. सातव्या रविवारी चार कामकरी बाहेर आल्या होत्या, नेहमीच्या मुंगळ्यांपेक्षा बऱ्याच लहान, कारण आईच्या अंगातल्या शिदोरीत तेवढेच भागते.

परदेशी जातीच्या राण्या मागवण्याचा मोह काहींना होतो, तो मला अजिबात पटत नाही. आपल्या अंगणात सापडलेल्या राणीला इथली हवा मानवते आणि ती निसटलीच, तर इथल्या मातीला परकी नसते.

त्या सातव्या रविवारीच साखरपाण्याचा एक थेंब कागदाच्या कपट्यावर ठेवून आत सरकवला. एक कामकरी बराच वेळ पीत राहिली. तिचे पोट इतके फुगले की त्यावरचे काळे पट्टे एकमेकांपासून दूर झाले. मग ती राणीकडे गेली, दोघींनी मिशांनी एकमेकींना चाचपले आणि सात आठवडे पाण्याखेरीज काहीही न घेतलेल्या राणीने तिच्या तोंडाला तोंड लावले. मी बॅटरी विझवली, तेव्हाही त्या तशाच स्थिर होत्या.