चाळीस वॅटच्या ॲम्प्लिफायरसाठी स्पीकर शोधताना

ॲम्प्लिफायर बदलायचा नाही, एवढे मी सुरुवातीलाच ठरवून टाकले होते. माझ्याकडे ईएल ३४ जातीच्या चार व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्यांचा), दर चॅनेलला ४० वॅट देणारा ॲम्प्लिफायर गेली अकरा वर्षे आहे. त्याच्या मागच्या बाजूला ४ आणि ८ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या विरोधाचे माप) स्पीकरसाठी स्वतंत्र टॅप, म्हणजे वायर जोडायच्या जागा, आहेत, आणि हिवाळ्यात तो खोली थोडीफार उबदारही ठेवतो. जुन्या स्पीकरमधल्या, खालचे स्वर वाजवणाऱ्या वूफरभोवतीचे फोमचे कडे भुगा होऊन गळू लागले, तेव्हा या वेळी थोडा अधिक खर्च करून पुन्हा वीस वर्षे पाहावे लागणार नाही असे काही घ्यावे, असे वाटले. ही शोधाशोध आठ महिने चालली, आणि त्यांतले पहिले तीन महिने मी चुकीचा आकडा वाचण्यात घालवले.

तो आकडा म्हणजे वॅट. दुकानात गेले की पहिला प्रश्न हाच येतो, की तुमचा ॲम्प्लिफायर किती वॅटचा आहे. आणि चाळीस म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते. वास्तविक वॅट दुप्पट केले की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. त्यामुळे ८४ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला ४० वॅट देणे आणि ८७ डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट देणे यांत आवाजाच्या दृष्टीने काही फरक नाही. मी बसतो ते अंतर नऊ फुटांचे आहे. ८६ डेसिबलच्या जोडीतून तिथे ९५ डेसिबलच्या आसपासचे क्षणिक उच्चांक सहज मिळतात, आणि ख्याल ऐकणाऱ्या, शिवाय भिंतीपलीकडे शेजारी असलेल्या माणसाला याहून अधिक लागत नाही.

संवेदनशीलतेच्या आकड्यातही एक मेख असते. तो बहुधा २.८३ व्होल्ट देऊन मोजलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढे व्होल्ट दिले की बरोबर १ वॅट होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरला दिले की २ वॅट होतात. म्हणजे माहितीपत्रात ८७ लिहिलेला ४ ओहमचा स्पीकर वॅटमागे ८४ डेसिबलच देत असतो.

मी ज्याच्या मोहात पडलो, तो छातीएवढ्या उंचीचा, अक्रोडी लाकडाच्या पापुद्र्याचा, जमिनीवर उभा राहणारा स्पीकर होता. माहितीपत्रात ८ ओहम आणि ८८ डेसिबल असे लिहिले होते. दुकानात तो दोनशे वॅटच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर वाजत होता, आणि त्याचा आवाज खरोखर देखणा होता. चार दिवसांसाठी तो घरी आणला, माझ्या ॲम्प्लिफायरला जोडला, आणि तोच स्पीकर कुणी बदलून ठेवला असावा असे वाटू लागले. गायिकेच्या आवाजाला धार आली, तबल्याचा डग्गा पातळ झाला, आणि तानपुऱ्याची खरजाची तार तर जवळजवळ दिसेनाशीच झाली. (काळी एकच्या तानपुऱ्याचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा आणि खरज ६९ हर्ट्झचा असतो. तानपुरा नीट वाजतो आहे की नाही हे पाहायला मला तरी याहून चांगली कसोटी सापडलेली नाही, कारण जवारीची झिणझिण वरचे स्वर वाजवणाऱ्या ट्वीटरची परीक्षा घेते आणि खरज वूफरची.)

कारण शोधताना आठवले, की अमेरिकेतले स्टिरिओफाइल हे मासिक परीक्षणासोबत स्पीकरच्या इम्पिडन्सचा, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांना तो विजेला करत असलेल्या विरोधाचा, मोजलेला आलेख छापते. माझ्या स्पीकरचा आलेख मिळाला, आणि सारा उलगडा झाला. '८ ओहम' हा केवळ नावापुरता आकडा होता. प्रत्यक्षात हा विरोध खालच्या स्वरांत एका ठिकाणी ३.५ ओहमपर्यंत उतरत होता आणि क्रॉसओव्हरच्या, म्हणजे वूफरकडून ट्वीटरकडे काम जाते त्या स्वराच्या, आसपास २४ ओहमपर्यंत चढत होता.

हे चढउतार ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला जाणवत नाहीत, कारण त्याचा स्वतःचा अंतर्गत विरोध ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा विरोध मात्र बराच असतो; माझ्याचा ८ ओहमच्या टॅपवर सुमारे २ ओहम आहे. व्होल्टेजची वाटणी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यात ज्याच्या त्याच्या विरोधाच्या प्रमाणात होते. स्पीकर ३.५ ओहमवर असताना त्याच्या वाट्याला ६४ टक्के येते आणि २४ ओहमवर असताना ९२ टक्के. हा फरक सव्वातीन डेसिबलचा आहे, म्हणजे टोन कंट्रोलची कळ चांगलीच फिरवून ठेवल्यासारखा. आलेखातला खड्डा आणि उंचवटा नेमके तिथेच होते, जिथे मला डग्गा पातळ आणि गळा धारदार लागत होता. स्पीकर वाईट नव्हता आणि ॲम्प्लिफायरही वाईट नव्हता. या दोघांचे लग्न लावणे चूक होते.

त्यानंतर मी यादी नव्याने केली, आणि पहिली चाळणी सपाट इम्पिडन्सची लावली. स्पीकरचा विरोध ६ ते १२ ओहमच्या दरम्यान राहिला, तर हाच फरक एक डेसिबलच्या थोडाच वर जातो, आणि तेवढा मी सोसू शकतो. या कसोटीवर केईएफ कंपनीचा एलएस ५० मेटा हा स्पीकर बाद झाला, आणि याबद्दल मला हळहळ वाटली. ८ ओहमच्या शेजारीच किमान ३.५ ओहम असे छापण्याचा प्रामाणिकपणा त्या कंपनीने दाखवला आहे. सगळ्यांनी तो दाखवला असता, तर माझे तीन महिने वाचले असते. दुसऱ्या टोकाला क्लिप्शचा हेरेसी होता. त्याची संवेदनशीलता कंपनीच्या म्हणण्यानुसार ९९ डेसिबल आहे, आणि त्याला ४० वॅट म्हणजे चैनच. पण माझ्या ॲम्प्लिफायरला व्हॉल्व्हची हलकी घरघर आहे, आणि ती अशा स्पीकरमधून १३ डेसिबलने मोठी ऐकू आली असती. आलापाच्या दोन वाक्यांमधल्या शांततेत मला ती नको होती.

शेवटी हार्बेथच्या कॉम्पॅक्ट ७ वर येऊन थांबलो. बीबीसीत अनेक वर्षे संशोधन केलेल्या डडली हारवूड यांनी ही कंपनी १९७७ साली काढली, आणि नावातला उत्तरार्ध त्यांच्या पत्नीच्या एलिझाबेथ या नावातून घेतला. पेटीच्या भिंती मुद्दाम पातळ ठेवून आतून त्यांचा कंप दाबण्याची बीबीसीची पद्धत ते अजून वापरतात. ६ ओहम, ८६ डेसिबल, आणि आलेखात भीतीदायक खड्डे नाहीत. या वेळी मी दुकानदाराला आधीच कळवले, आणि बावीस किलोचा माझा ॲम्प्लिफायर रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. त्याने आधी हसून पाहिले, मग स्वतःच वायर जोडल्या. तासाभराने माझी पत्नी, जी स्वतः गाते, म्हणाली, "अहो, दुसऱ्या तानपुऱ्याचा पंचम किंचित उतरलाय." ते ध्वनिमुद्रण आम्ही घरी पंधरा वर्षे ऐकत होतो.

खोलीचा हिशेबही इथेच जुळला. आमची बैठकीची खोली लांबीला १४ फूट आहे, म्हणजे तिथे ४० हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींमध्ये अडकून घुमतो. छातीएवढा तो जुना उमेदवार ३५ हर्ट्झपर्यंत उतरत असल्यामुळे त्या घुमण्याला खतपाणीच घालत होता. कॉम्पॅक्ट ७ साधारण ४६ हर्ट्झच्या खाली हात आखडता घेतो. तानपुऱ्याचा ६९ हर्ट्झचा खरज त्याला पुरता मिळतो, आणि खोली शांत राहते.

स्टँड मात्र आयात केलेले घेतले नाहीत, कारण त्यांची किंमत ऐकून मला घाम फुटला. ते फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपाचे करून घेतले आणि आत वाळू भरली. सध्या स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे आहेत, आणि ॲम्प्लिफायरच्या ८ ओहमच्या टॅपवरून वायर ४ ओहमवर नेल्यापासून डग्गा अधिक घट्ट झाला आहे. उरला प्रश्न दिवाणाचा, कारण तो स्पीकरसमोरच्या भिंतीला चिकटलेला असल्याने तिथे बसणाऱ्याला खालचे स्वर जरा फुगलेले लागतात. तो हात-दीड हात पुढे ओढण्याविषयी घरात बोलणी चालू आहेत.