चिंगीची पाठ आणि मागणीचा वक्र

रविवार, रात्री साडेनऊ

आज पहाटे अर्थशास्त्राची चार पाने वाचून झाली आणि त्यांतली दोन पुन्हा वाचावी लागली. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी घरूनच करते. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या कोपऱ्यात दोरीवर जुन्या गोधड्या टांगल्या आहेत, आणि गोधडी दिसली की ती आपल्याचसाठी आहे अशी बंड्या आणि चिंगी या माझ्या दोन्ही मांजरांची ठाम समजूत आहे. बंड्या पुस्तकावर बसतो, तेही नेमका वाचायच्या परिच्छेदावर. चिंगी मांडीवर येऊन घुरघुरू लागते. ती घुरघुर मला फार प्रिय आहे, पण ध्वनिमुद्रणात ती वाक्यांच्या मागे चाललेल्या पिठाच्या गिरणीसारखी ऐकू येते, आणि ज्यांना कानांनीच अभ्यास करायचा आहे त्यांच्या वाटेत ती येऊ द्यायची नाही.

शब्द वाचणे सोपे; अडते ते आकृत्यांपाशी. ‘मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो’ हे मी वाचून दाखवते खरी (हा वक्र म्हणजे भाव बदलला की मागणी कशी बदलते ते दाखवणारी रेघ), पण जिने जन्मापासून एकही रेघ पाहिलेली नाही तिला त्यातून काय कळत असेल, हा विचार महिनाभर मनातून जात नव्हता.

दुपारी अशीच एक जन्मांध विद्यार्थिनी आली. यंदा बारावीला आहे. परीक्षेत दर तासाला २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण लेखनिक फक्त लिहून घेणार, उत्तर हिलाच सुचले पाहिजे. चिंगी तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर ताठ बसली होती, तोंड डावीकडे आणि शेपटी उजवीकडे पसरलेली. मुलीने बोटे चिंगीच्या कानांपाशी टेकवली, मानेवरून पाठीवर आणि तिथून शेपटीपर्यंत सावकाश उतरवत नेली, आणि मग एकदम म्हणाली, “काकू, मागणी अशी उतरते का? कानांपाशी भाव चढा, म्हणून घेणारे थोडे, आणि शेपटीपाशी भाव उतरलेला, म्हणून घेणारे पुष्कळ?”

मला क्षणभर बोलताच आले नाही. तिच्या हाताखाली चिंगी डोळे मिटून घुरघुरत होती.

पुरवठ्याचा वक्र चढता असतो, भाव चढला की विकायला येणारा माल वाढतो, तेव्हा चिंगीचे तोंड उजवीकडे हवे होते. आम्ही तिला उचलून फिरवून ठेवले. ती वळून पुन्हा डावीकडेच तोंड करून बसली. असे तीनदा झाले. चौथ्यांदा तिने कट्ट्यावरून उडी मारली आणि पलंगाखाली निघून गेली. मग बंड्याला आणले, सुकटीचा डबा त्याच्या उजव्या अंगाला धरला, तेव्हा कुठे तो मान उंचावून हवा तसा बसला, आणि मुलीची बोटे शेपटीपासून कानांपर्यंत दोनदा चढून गेली.

उद्या पहाटे त्या आकृतीचे वर्णन मी नव्याने ध्वनिमुद्रित करणार आहे: ताठ बसलेले मांजर, तोंड डावीकडे.